चावीवाल्याचं पोट

आमच्या ह्यांनी आयुष्यभर एकच काम केलं. पाणी सोडलं आणि पाणी बंद केलं. शहराच्या पाणीखात्यात हे चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, ती लांबलचक चावी खाली व्हॉल्व्हवर बसवायची आणि अंगचा जोर लावून फिरवायची, की या गल्लीत पाणी सुरू आणि त्या गल्लीत बंद. ऐकायला सोपं वाटतं, पण ज्याच्या हातात चावी त्याच्यापुढे भले भले मान तुकवतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. एकदा खात्याचे मोठे साहेब गाडीतून उतरून म्हणाले, "घरी पाहुणे आलेत, आमच्याकडे जरा लवकर सोडा." हे म्हणाले, "साहेब, ज्याची ड्यूटी त्याची चावी. आज ड्यूटी माझी आहे." साहेबांच्या पाहुण्यांनी त्या दिवशी अंघोळी केल्या की तशीच पावडर लावली, कोण जाणे.

आता कुणाला वाटेल, चावीवाल्याच्या बायकोची काय चंगळ असेल. कसली चंगळ आणि कसलं काय. आमच्या गल्लीला पाणी सगळ्यात शेवटी. बायकोची सोय बघतो असं कुणी म्हणायला नको ना. नवी नवरी असताना मी एकदाच विचारलं होतं, "अहो, आपल्या गल्लीत कधी सोडणार?" तर म्हणाले, "आधी सगळ्यांचं होऊ दे." तेव्हापासून मी बादल्या रांगेत लावून बसायची सवय करून घेतली आणि विचारायचं सोडून दिलं.

निवृत्त झाले तेव्हा चावी खात्यात जमा केली, पण हात काही स्वस्थ बसेनात. मग घर हेच खातं झालं. मी भांडी घासायला घेतली की मागून येऊन नळ बारीक करणार. नातवाला सर्दी झाली तर त्याचं दूध कमी करणार, कारण वर ओतलं नाही तर खाली गळणार नाही. साऱ्या जगाच्या दुखण्यांवर ह्यांच्याकडे एकच मंत्र: आधी मुख्य चावी बंद करायची, मग गळती शोधायची. पाइपाला ते लागू पडत असेल, मी कुठे नाही म्हणते.

त्या दिवशी सकाळी हे संडासात गेले ते बाहेर आले, पुन्हा गेले, पुन्हा बाहेर आले. तिसऱ्यांदा दार आतून लागलं तेव्हा मी चहाचं आधण उतरवून ठेवलं. थोड्या वेळाने उलटीचा आवाज आला. मी दाराशी जाऊन विचारलं, "अहो, बरं आहे ना?" आतून उत्तर आलं, "दोन्हीकडून गळती आहे."

बाहेर आले ते भिंत धरून. मी पाण्याचा पेला पुढे केला, तर हात आडवा केला. "पाणी बंद. मुख्य चावी बंद केली मी."

"अहो, पोट आहे ते, पाइप नाही."

"पाइपच आहे," हे म्हणाले. "वरून खाली जाणारा."

आता आमच्या घरात डॉक्टर नाही अशातला भाग नाही. सून चांगली शिकलेली, डोळ्यांची डॉक्टर. तिच्या दवाखान्यात लोक सकाळपासून बाकावर दाटीवाटीने बसतात. पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगीच नाही. ती कामावर निघता निघता ह्यांच्या खोलीत आली, नाडी बघितली, पोट दाबून बघितलं, रक्त पडतंय का विचारलं, ताप बघितला. मग म्हणाली, "बाबा, जुलाब दोन-चार दिवसांत आपोआप थांबतील. त्यांची मला भीती नाही. अंगातलं पाणी आणि क्षार जातायत, ते भरून काढायचे. ही पुडी घ्या, उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात कालवायची आणि घोट घोट प्यायची. उलटी झाली तर थोडं थांबून पुन्हा चमच्या चमच्याने. पण थांबवायचं नाही."

ह्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "तू डोळ्यांचीच ना?"

"हो बाबा."

"मग तुझं खातं वेगळं."

ती बिचारी मला स्वयंपाकघरात घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "आई, कसंही करून प्यायला लावा. जीभ कोरडी पडतेय का बघा, लघवी होतेय का बघा. भलतंसलतं बोलायला लागले तर मला लगेच फोन. आज ऑपरेशनं आहेत, नाहीतर मी गेलेच नसते." मी तिला म्हटलं, तू जा, मी बघते. म्हटलं खरं, पण ह्यांना काही करायला लावणं म्हणजे काय, ते तिला अजून कळायचं होतं.

मी पुडी कालवली, पेला घेऊन बसले. गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी चमचा ओठाशी नेला तर ह्यांनी दात असे आवळले की चमचा वाजला. तेवढ्यात धाकटे दीर आले. भाऊजी निवृत्त शाळामास्तर, आणि शाळा सुटली तरी त्यांची चौकशी काही सुटलेली नाही. घरात कुणाचं पोट बिघडलं की भाऊजी खुर्ची ओढून गुन्हेगार शोधायला बसतात.

"दादा, काल काय खाल्लंस?"

"बटाट्याची भाजी," हे म्हणाले आणि छताकडे बघायला लागले.

"वहिनी, बटाटे कधीचे होते?"

"बाजारातून आणले त्या दिवसाचे. आणि भाऊजी, तुम्हीही काल इथेच जेवलात. दोनदा मागून घेतलीत भाजी. तुम्हाला का नाही झालं काही?"

"माझं पोट शिस्तीतलं आहे," भाऊजी म्हणाले. "कोंब आलेले असणार बटाट्यांना. विषारी असतात कोंब. केस सरळ आहे."

केस म्हणे सरळ. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू? हे गप्प. एवढी वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस, एकदा तरी म्हणावं की बाबा रे, बटाट्यात काही नव्हतं. तर हे छताला टक लावून पडलेले, जणू तिथे गळतीचा डाग शोधतायत.

दुपारी चिरंजीवांचा फोन आला. तो नोकरीपायी दुसऱ्या शहरात असतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो. त्याला भाऊजींनी सगळा अहवाल दिला. त्याने सांगितलं, माझ्या कपाटात प्रवासाला नेलेल्या गोळ्या उरल्यात, त्या द्या, एका गोळीत कुलूप लागतं. गोळ्यांचं पाकीट सापडलं, पण त्यावरचं नाव झिजलेलं. मी म्हटलं, सुनेला विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत. तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, कुलूप लागतंय ना, मग झालं." कुलूप हा शब्द ह्यांना इतका पसंत पडला की सकाळपासून आवळलेलं तोंड आपण होऊन उघडलं. गोळी गेली. तीसुद्धा कोरडीच गिळली, घशात अडकून डोळे पांढरे होईपर्यंत, पण पाण्याचा घोट म्हणून नाही.

संध्याकाळी सून आली तेव्हा हे झोपल्याचं सोंग घेऊन पडले. तिने पेला बघितला. तो थोडा रिकामा होता, कारण रागाच्या भरात मीच दोन घोट घेतले होते. तिला वाटलं, प्यायले. मी खरं सांगितलं. तिने ह्यांना उठवून समजावलं, चमचा घेऊन बराच वेळ बसली, चार-पाच चमचे कसेबसे गेले. "उद्या सकाळी फरक नसेल तर सलाइन लावायला न्यावं लागेल," ती म्हणाली. सलाइन ऐकून ह्यांनी असा चेहरा केला, जणू कुणी घराला बेकायदा नळजोड द्यायला निघालंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आनंदीआनंद. जुलाब बंद. सून लवकर दवाखान्यात जाताना हे ताठ बसून म्हणाले, "बघ, थांबलं." तिने जीभ दाखवा म्हटलं तर तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले. ती म्हणाली, "आई, पाणी द्या, दुपारी मी येतेच." ती गेली आणि हे मोरीतून परत आले ते दाराची चौकट धरत धरत, आणि जे आडवे झाले ते झालेच.

जेवणाच्या वेळेच्या सुमारास भाऊजी आले. ह्यांनी डोळे किलकिले केले आणि अगदी समाधानाने सांगितलं, "कालपासून लघवीसुद्धा नाही. सगळी गळती थांबली."

"शाब्बास," भाऊजी म्हणाले. "याला म्हणतात निग्रह." आणि त्यांनी खरोखर चिरंजीवांना फोन लावून ही आनंदाची बातमी दिली. जुलाब बंद, उलटी बंद, लघवीसुद्धा बंद, पोटात आता थेंब नाही. तिकडून चिरंजीवही म्हणाले, वा. घरातले दोन शिकलेले पुरुष एका माणसाच्या सुकण्याबद्दल एकमेकांचं अभिनंदन करत होते आणि मी ह्यांच्या जिभेकडे बघत होते. जीभ उन्हात राहिलेल्या पायपुसण्यासारखी झाली होती. मग हे मला म्हणाले, "अगं, वरच्या टाकीला कोण आहे ड्यूटीवर?"

मी म्हटलं, "कुठली टाकी?"

"सांग त्याला, माझी वाट बघू नको म्हणावं."

सरळ सांगते, मी घाबरले. इतकी वर्षं भांडले या माणसाशी, पण भांडायला समोर हा माणूसच नसेल, असं कधी मनात आलं नव्हतं. मी भाऊजींच्या हातातून फोन अक्षरशः ओढला आणि सुनेला लावला. ती ऑपरेशनातून नुकतीच बाहेर आली होती. तिला म्हटलं, "अगं, ह्यांची लघवी बंद झालीय आणि सगळे खूश आहेत." ती एवढंच म्हणाली, "निघाले मी."

आली ती चपला न काढता थेट खोलीत. ह्यांनी तिला ओळखलं, तेवढी शुद्ध होती. म्हणाले, "तू डोळ्यांची."

"हो बाबा. डोळेच बघायला आलेय," ती म्हणाली. खाली वाकली, बघितलं आणि माझ्याकडे वळली. "डोळे किती खोल गेलेत बघा, आई." मग तिने पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी जागेवर जायचं नाव घेईना, तशीच उभी राहिली. ती भाऊजींना म्हणाली, "काका, गळती थांबलेली नाही. टाकी रिकामी झालीय." भाऊजींनी पहिल्यांदाच काही विचारलं नाही. ते उठले आणि खुर्चीसकट ह्यांना जिन्यावरून उतरवायला हात लावला. तेवढं श्रेय मी त्यांना देते.

इस्पितळात ह्यांच्या हाताची शीर सापडेना. नर्सने दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा सुई लागली. बाटली भराभर उतरायला लागली आणि मी स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहिले. नळाची वाट बघायची मला सवय होती, पण एवढा जीव टांगून मी कधी बसले नव्हते. दुसरी बाटली लागली तेव्हा ह्यांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. तिथले डॉक्टर आले. तरुण होते, पण घाईत नव्हते. त्यांनी गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन बघितलं आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग ह्यांच्याजवळ वाकून विचारलं, "आजोबा, परवा बाहेर कुठे काही खाल्लं होतं? पाणी कुठलं प्यायलात?"

भाऊजी मागून म्हणाले, "बटाटे."

"मी आजोबांना विचारतोय."

हे अजून पुरते ताळ्यावर नव्हते, म्हणून खरं बोलले. अगदी खात्याला अहवाल द्यावा तसं. "चौकापलीकडे रस्ता खणलाय. खड्ड्यात पाणी साचलेलं. नवीन पोरांना कळेना, नळाचं आहे की गटाराचं. मी उतरलो. ओंजळभर घेऊन चव बघितली."

"चव बघितली?" डॉक्टर म्हणाले.

"तशीच बघतात. पाणी शुद्ध करायच्या औषधाची चव लागली तर नळाचं."

"मग? लागली?"

"दोन्हीची लागली."

मी काय ऐकतेय यावर माझा विश्वास बसेना. म्हणजे हा माणूस गटाराचं पाणी पिऊन घरी आला, वर माझ्या हातची भाजी जेवला, आणि दोन दिवस भर पंचायतीत माझे बटाटे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. का, तर पाण्यावर बट्टा लागायला नको. बायकोच्या हातावर लागला तर चालेल, खात्याच्या पाण्यावर नको. मी भाऊजींकडे बघितलं. ते भिंतीवरची हात धुण्याची सूचना मन लावून वाचत होते. मी ह्यांना म्हटलं, "घरी चला, मग बोलते." आणि म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं की आपण देवाकडे हेच मागतोय, की हे घरी यावेत आणि आपल्याला बोलता यावं.

सून औषधं आणायला गेली, भाऊजी चहाला. मी स्टुलावर जरा टेकले. डोळा लागला असेल नसेल, उघडून बघते तर नळीतले थेंब बंद. बाटली अर्धी भरलेली आणि एक थेंब पडत नाही. मी नर्सला हाक मारली. तिने येऊन नळीवरचं छोटं चाक वर सरकवलं, थेंब सुरू झाले. "हात लागला असेल," म्हणाली आणि गेली. ती दाराबाहेर जाते न जाते तोच ह्यांचा दुसरा हात चादरीखालून निघाला, चाचपडत नळीपर्यंत गेला, अंगठ्याने ते चाक शोधलं आणि खाली ओढलं. थेंब बंद. किती सफाईने. डोळे मिटलेले, ओठ फुटलेले, हातात चमचा धरायचं बळ नाही, पण चाक बरोबर सापडलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

"अहो, काय करताय?"

"चावीवर कुणीच नाही," हे पुटपुटले. "वाहतंय नुसतं. असं सोडून जातात का?"

मी रागवायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. दोन दिवस सगळे ह्यांना पोटाबद्दल सांगत होते, मीठ, साखर, क्षार, जीभ, आणि ह्यांच्या कानात काहीच शिरत नव्हतं. आणि का शिरावं? निवृत्त झाल्यापासून या माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं. शहराचं पाणी ह्यांच्याविना येत होतं, जात होतं. हुकूम चालावा असा एकच व्हॉल्व्ह उरला होता, तो स्वतःच्या घशातला. तोही लोक हातातून काढून घ्यायला निघाले होते.

मी उठले, स्टूल नळीच्या बाजूला घेतलं आणि त्या चाकावर माझा हात ठेवला. ह्यांचा हात तिथेच होता.

"सोडा," मी म्हणाले. "इथे ड्यूटी माझी आहे."

ह्यांनी डोळे उघडले. "तुझी?"

"माझी. सुनेने लावलीय. थेंब मोजायचे, बाटली संपायच्या आत सांगायचं, हलायचं नाही. मघाशी डोळा लागला, ती माझी चूक. आता लागणार नाही. ज्याची ड्यूटी त्याची चावी, असं कोण म्हणतं?"

मोठ्या साहेबांना जे जमलं नव्हतं ते मी मागत होते, आणि मला ते मिळेल की नाही हे खरंच ठाऊक नव्हतं. मग ह्यांचा अंगठा चाकावरून निघाला. हात चादरीवर पडला. मी चाक वर सरकवलं. थेंब सुरू झाले आणि पुन्हा बंद पडले नाहीत.

दिवस कलायला लागला तेव्हा लघवी झाली. नर्सने भांडं बघून मान हलवली, सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि भाऊजींनी बाहेर जाऊन चिरंजीवांना फोन लावला. दुपारी न झाल्याचं अभिनंदन करणारे आता झाल्याचं करत होते. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, तर पदराने दोन्ही एकदमच पुसून घेतलं.

डॉक्टर म्हणाले, आता उलटी नाही, तोंडाने द्यायला लागा. सुनेने पुडी कालवून पेला माझ्या हातात दिला. मी चमचा भरला आणि ह्यांच्या ओठांशी नेला. हे चमच्याकडे बघत होते. मग अगदी बारीक आवाजात, रांगेत मागे उभं राहिलेल्या माणसाने विचारावं तसं म्हणाले, "आपल्या गल्लीत कधी सोडणार?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. लग्नापासून जपून ठेवलेलं होतं. आधी सगळ्यांचं होऊ दे, एवढंच म्हणायचं होतं, आणि खड्ड्याचं, बटाट्याचं, रिकाम्या बादल्यांचं सगळं एकदम फिटलं असतं.

"आज पहिलं आपल्याकडे," मी म्हणाले. "तोंड उघडा."

ह्यांनी उघडलं.